काही नाही, म्हणालो

६ नोव्हेंबर, बुधवार

काल सकाळी सव्वानऊला मी मेहुण्याच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. सेंटर उघडून पंधरा मिनिटं झाली होती, काउंटरवरची बाई अजून आली नव्हती. तो कामावर जाता जाता डोकावला, खोकत. तीन आठवडे खोकतोय. फर्निचरला पॉलिश मारायचं काम आणि नाकाला फडकं बांधायचा कंटाळा. मी म्हटलं, ये, एक फोटो मारून टाकू. घरचाच माणूस. एक्स-रेच्या खोलीत चोवीस वर्षं झाली, नात्यातल्या किती जणांचे असे काढले असतील – कुणाचं मनगट, कुणाचा गुडघा.

त्याला उभं केलं. हनुवटी वर, खांदे पुढे. मी काचेमागे गेलो. श्वास आत घ्या – थांबा – सोडा. त्या ‘थांबा’ आणि ‘सोडा’च्या मध्ये मी मनात देवाचं नाव घेतो. जुनी सवय आहे, कुणाला माहीत नाही. समोरचा माणूस श्वास रोखून उभा असतो. तेवढ्या क्षणात त्याच्यासाठी आपण आणखी काय करणार?

फोटो पडद्यावर आला. उजव्या बाजूला, खाली, पांढरा गोळा. छोट्या लिंबाएवढा. वाटलं, खिशात काही असेल. शर्ट काढायला लावला, पुन्हा फोटो काढला. गोळा तिथेच.

‘काय दिसतंय, भाऊजी?’ त्याने तिकडून विचारलं.

‘काही नाही.’

मला म्हणायचं होतं – थांब जरा, बघू दे मला. आपण नाही का म्हणत? काय झालं विचारलं की काही नाही. डोळे भरलेले असले तरी काही नाही. तसं. पण त्याने तो रिपोर्ट समजला. बटणं लावत बाहेर आला, सुटलो म्हणाला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला. मी ‘अरे’ म्हणेपर्यंत जिन्यात त्याची शीळ ऐकू येत होती.

फोटो पुसला नाही. रोज सकाळी मशीन तपासायला जे फोटो काढतो त्यांचं एक ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर आहे. त्यात टाकला. नाव नाही, वय नाही. नुसती तारीख.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सांगणार होतो. त्याचा फोन लागला, आणि मी विचारलं रविवारी कोणता सिनेमा आणतोयस.

१० नोव्हेंबर, रविवार

मेहुणा जेवायला आला. दर रविवारी येतो. लग्न केलं नाही, कारखान्यामागच्या खोलीत एकटा राहतो. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि माझी बायको अकराची. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं. त्यामुळे बेचाळीस वर्षांच्या घोड्याला ती अजून विचारते, हात धुतलेस का?

आज आल्या आल्या त्याने जाहीर केलं की भाऊजींनी आरपार तपासलंय, काही नाही. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला बरं केलं. मला तिच्याकडे बघवेना.

जेवणानंतर सिनेमा. जुना, काळापांढरा, सस्पेन्स. एक विधवा बाई घरातली खोली भाड्याने देते. भाडेकरू सभ्य, अबोल. जड बॅग घेऊन येतो. रोज दुपारी फाटकाशी उभा राहून पोस्टमनची वाट बघतो, पत्र कधीच येत नाही. पहिल्या दहा मिनिटांतच आपल्याला दाखवतात की बॅग रिकामी आहे. बाईला ते माहीत नाही. ती बिचारी रोज त्या बॅगेवरची धूळ पुसते.

मेहुणा चिडला. म्हणाला, बॅग रिकामी आहे हे आधीच सांगून टाकलं, आता राहिलं काय? त्याच्या मते सस्पेन्स म्हणजे शेवटपर्यंत कुणालाच काही कळता कामा नये. मला तसं वाटत नाही. कुणालाच माहीत नसेल तर ते नुसतं कोडं झालं, सुटलं की संपलं. सस्पेन्स तेव्हा असतो जेव्हा एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं, आणि दोघं एकाच घरात असतात. ती बाई फडकं घेऊन बॅगेजवळ गेली की माझा हात आपोआप रिमोटकडे जात होता.

हे मी बोलून दाखवलं. फडक्यापर्यंतचं. तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही सिनेमा बघत नाही, सिनेमावर पाळत ठेवता. बायको आतून म्हणाली, खुनी सापडला की सांगा, चहा टाकते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या कामाचा नियम आहे – फोटो काढणाऱ्याने बोलायचं नाही. फोटो डॉक्टरबाई वाचतात, रिपोर्ट त्या लिहितात. ‘काय आहे हो?’ असं विचारलं की आपण म्हणायचं, ‘डॉक्टर सांगतील.’ चोवीस वर्षं तोंडात बसलेलं वाक्य. आणि नेमका त्याच दिवशी ‘काही नाही’ म्हणालो. आता डॉक्टरबाईंना दाखवायचा तर विचारणार, चिठ्ठी कुठे आहे? नाव का नाही? चिठ्ठीशिवाय किरण मारायचे नसतात. मागे एकाला याच कारणावरून घरी बसवलंय.

हे सगळं खरं आहे. पण लिहिताना कळतंय की मी नोकरीआड लपतोय. खरी भीती नोकरीची नाही. मी बोललो की ते खरं होईल, अशी काहीतरी खुळचट भीती आहे.

सिनेमात अंधार पडला की लोक घाबरतात. आमच्याकडे उलटं. फुप्फुसात काळं म्हणजे हवा. काळं दिसलं की देव पावला. पांढऱ्याला भ्यायचं. हल्ली मला पांढरा रंग सोसत नाही. भिंतीवर उन्हाचा गोल कवडसा पडला तरी मी उजवी बाजू की डावी ते बघतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

फोल्डर उघडायला गेलो. बोट माउसवर ठेवलं आणि उठलो. नको.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज त्याच सिनेमाचा रिमेक. रंगीत. मेहुणा म्हणाला, बघा, आता कसं चकाचक करतात ते.

चकाचक केलंय खरं. भाडेकरूच्या हातात मोबाइल आला, म्हणजे फाटकाशी उभं राहणं गेलं. तो आता मोबाइलकडे बघत बसतो. मोबाइलकडे तर सगळेच बघत बसतात, त्यात भ्यायचं काय? आणि तो असा का झाला याची वीस मिनिटं – लहानपण, बाप, पट्टा. जुन्या सिनेमात त्याच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून तो अजून माझ्या डोक्यात उभा आहे. या नव्याची मला कीव आली आणि कीव आली की भीती जाते. बॅग मात्र या वेळी शेवटपर्यंत उघडत नाहीत. मेहुणा खूश. म्हणाला, असं पाहिजे! आणि मूळ सिनेमा कुणी पाहिला नसेल तर त्याला हाच मूळ. रिमेक बघायला जुना कशाला लागतो?

मी म्हटलं, लागतो. शेजारी जुना ठेवल्याशिवाय नव्यात काय बदललं ते कळणार कसं?

आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते. शनिवारी शेवटच्या तासाला गोष्ट वाचायचे. चोराची गोष्ट होती आणि पुस्तकाची शेवटची आठ पानं उंदरांनी खाल्लेली. मास्तर तिथे आले की पुस्तक मिटून स्वतःचा शेवट सांगत. मी चौथीत नापास झालो, म्हणून मला तीच गोष्ट दोन वर्षं ऐकायला मिळाली. पहिल्या वर्षी चोर पकडला गेला, दुसऱ्या वर्षी नदी ओलांडून निसटला. मी उभा राहून म्हणालो, मास्तर, मागच्या वर्षी वेगळं होतं. ते हसले आणि म्हणाले, मागच्या वर्षी तू पास झाला असतास तर आज हे तुला कळलंच नसतं. सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन रडलो – नापास म्हटलं म्हणून नव्हे, खरा शेवट आता कुणालाच माहीत नाही म्हणून.

मेहुण्याला हे सांगत होतो तर त्याला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. बायको पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन म्हणाला, ‘हसवू नका हो, भाऊजी.’

२१ नोव्हेंबर, गुरुवार

त्याला ताप येतोय म्हणून बायको रागावली. मी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या, सात दिवसांच्या. आजवर मी कधी दुकानदाराला विचारून औषध नेलं नाही. हातून काहीतरी करायचं होतं. जे करायचं ते सोडून.

सकाळी हात जोडून बसलो. देवाकडे गोळा घालव असं मागितलं नाही, तेवढं तोंड नाही माझं. जीभ दे म्हणालो.

२४ नोव्हेंबर, रविवार

ताप उतरलाय. खोकला आहे. सिनेमाही आणला – वाढीव आवृत्ती! मूळ दोन तासांचा होता, हा पावणेतीन तासांचा. बर्फात अडकलेली पाच माणसं, एक झोपडी, त्यांतला एक जण सांगतो तो नाहीच. मूळ आम्ही गेल्या वर्षी पाहिला होता. कोण मरतं, कधी मरतं, सगळं पाठ.

वाढवलेल्या भागात काहीच घडत नाही. मेहुणा वैतागला. म्हणाला, जे कापलं होतं ते कापण्यासारखंच होतं, आता कचरापेटीतून काढून विकतायत. खरंय. त्या पाच जणांत एक म्हातारा वाटाड्या आहे, मध्यंतरानंतर मरणारा. वाढवलेल्या भागात तो दुसऱ्या कुणाचा तरी बूट शिवत बसतो. पाच मिनिटं! सुईत दोरा जात नाही, तो दोरा ओठांत ओला करतो, पुन्हा घालतो. शिवून झाल्यावर बूट स्वतःच्या गालाला लावून कुठे टोचतंय का बघतो. बस, एवढंच.

मूळ सिनेमात तो मेला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आज तो बूट शिवत असताना मला बसवेना. त्याला काय ठाऊक की त्याची वीस मिनिटं उरलीत? मला ठाऊक होतं. मी उठून गॅलरीत गेलो. मागून मेहुण्याचा आवाज – भाऊजी कंटाळले बघ, ताई! बायको म्हणाली, ‘त्यांचं हल्ली कशातच लक्ष नाही. विचारलं की काही नाही म्हणतात.’

परत आलो तर मेहुणा माझी डुगडुगणारी खुर्ची उलटी करून तिच्या पायात पाचर ठोकत होता. सिनेमा चालूच होता. ठोकून झाल्यावर त्याने पायावरून अंगठा फिरवला, कुसळ राहिलंय का बघायला.

आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

डोक्यातला फोटो वाढतोय. लिंबाएवढा होता, आता संत्र्याएवढा. आमच्या डोक्यातही वाढीव आवृत्त्या निघतात. फोल्डर उघडून खरं माप बघता येईल, पण धीर होत नाही. वाढून वाढून उजवी बाजू सगळी पांढरी झालीय आणि तो काचेपलीकडून विचारतोय, काय दिसतंय?

९ डिसेंबर, सोमवार

आज अर्धं बोललो. अर्धंच. त्याला फोन करून म्हणालो, त्या दिवशी मशीन जरा नीट नव्हतं, शंका नको, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ये आणि रीतसर फोटो काढू. तो हसला. ‘म्हणजे रिमेक?’ म्हणाला.

आणखी एक खोटं. पण येणार आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

चिठ्ठी घेऊन आला. फोटो काढला. ‘थांबा’ आणि ‘सोडा’च्या मध्ये देवाचं नाव आठवेना. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

गोळा आहे. डोक्यातल्यापेक्षा लहान दिसला. पण डोक्यातल्याचं काय माप?

डॉक्टरबाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न – ‘जुना एखादा आहे का? तुलनेला?’ प्रत्येक फोटोला त्या हेच विचारतात. मी रोज ऐकतो, रोज जुनी पाकिटं काढून देतो. मेहुणा माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तोच म्हणाला, ‘नाही हो मॅडम, पहिल्यांदाच काढतोय.’

बाहेर आल्यावर माझा दंड धरला. ‘चिठ्ठीशिवाय काढला होतात ना? तुमच्या नोकरीवर नको यायला. आणि तसंही त्यात काही नव्हतंच की.’

मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, मलाच माहीत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. तिथे स्कॅन झालं. तिथल्या डॉक्टरांनीही विचारलं, आधीचा फोटो? मेहुण्याने तिथेही सांगितलं, नाही. डॉक्टर म्हणाले, मग वाट बघण्यात अर्थ नाही, सुई घालून तुकडा काढू. मंगळवार दिला. फुप्फुसाला सुई म्हणजे काय काय होऊ शकतं, ते वाचून दाखवून सही घेतली. मेहुण्याने सही केली, नेहमीसारखी खाली दोन रेघा मारून.

घरी आल्यावर बायको ओट्याशी उभी राहिली. पाठमोरी. म्हणाली, ‘तुम्ही पाहिला होतात ना? तेव्हा काही नव्हतं ना?’

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

‘म्हणजे पाच आठवड्यांत एवढं झालं. मग किती झपाट्याने वाढतंय हो ते.’ नंतर ती स्वतःशीच मोजायला लागली, बोटांवर. पाच आठवड्यांत एवढं, तर अजून पाच आठवड्यांनी केवढं. तिला पेरं पुरेनात.

हे मी केलं. माझ्या दोन शब्दांनी तिच्या हिशेबाची सुरुवात शून्यापासून झाली.

१५ डिसेंबर, रविवार

मेहुणा आला, सिनेमा आणला नाही. बायकोने त्याच्या डोक्याला तेल लावलं, लहान असताना लावायची तसं. तोही बसून राहिला गुपचूप. मग म्हणाला, ताई, मला काही झालं तर माझी ब्रशांची पेटी भाऊजींना दे, त्यांना ब्रश धरता येत नाही पण जपून ठेवतील. बायकोने त्याच्या डोक्यावर चापट मारली. जोरात.

मी त्याच्या समोर बसून होतो. तो दोन ठिकाणी माझ्यासाठी खोटं बोलला, निर्धास्त होऊन, कारण माझ्या शब्दावर त्याचा भरवसा. आणि दोन्ही डॉक्टर जे मागत होते ते माझ्या फोल्डरमध्ये. त्याचा काही उपयोग आहे की नाही ते मला ठरवायचं नाही. ते डॉक्टर सांगतील.

नुसता फोटो चोरून डॉक्टरबाईंना दाखवता येईल. जुनी फाइल आत्ता सापडली म्हणून. त्यात माझं ‘काही नाही’ झाकलं जाईल. सकाळपासून मनाचं हेच चाललंय – अजूनही पळवाट शोधतंय.

उद्या दोघांना घेऊन जाणार. बायकोला म्हटलं, साडेनऊला चल, डॉक्टरबाईंना भेटायचंय. तिने विचारलं, कशाला? मी ‘काही’पर्यंत आलो आणि थांबलो. म्हणालो, ‘आहे एक गोष्ट. तिथे सांगतो.’

१६ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. डॉक्टरबाईंच्या खोलीत, तिघांसमोर. ‘टेस्ट’ उघडलं, पाच नोव्हेंबरचा फोटो काढून दहा डिसेंबरच्या शेजारी ठेवला. म्हणालो, ‘हा मी काढलाय, चिठ्ठीशिवाय. गोळा तेव्हाही होता. मी पाहिला होता. काही नाही म्हणालो ते खोटं होतं.’

डॉक्टरबाईंनी माप घेतलं. जुना एकतीस मिलिमीटर. नवा एकोणीस. त्यांनी पुन्हा मोजलं. म्हणाल्या, ‘लहान होतोय. जे वाईट असतं ते असं आपणहून लहान होत नाही. हा संसर्ग असावा.’ मोठ्या हॉस्पिटलला फोन केला, दोन्ही फोटो पाठवले. उद्याची सुई थांबवली. औषधं, आणि महिन्याने पुन्हा फोटो.

मेहुणा खुर्चीत वाकून बसला, दोन्ही हातांत तोंड धरून. बायकोने पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. मोठ्याने. मग पुन्हा एकदा वाचली. मग भावाला उठवून घेऊन गेली. मला चला म्हणाली नाही.

मी कागद घेतला, झालं ते क्रमाने लिहिलं आणि सही करून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं.